डॉक्टर पळसुले वेळ सांगतात

आमच्याजवळच्या तळ्यावर डॉक्टर पळसुल्यांच्या गळाला मासा लागला, की ते त्याला जाळीत घेतात, त्याच्या डोक्यावर एकच नेमका टोला घालतात, मनगटावरचं घड्याळ बघतात आणि स्पष्ट आवाजात सांगतात, "टाइम ऑफ डेथ, अकरा सतरा." मग कोटाच्या खिशातली वही काढून नोंद करतात.

पलीकडे मिस्टर ग्विन नावाचे एक म्हातारे वेल्श गृहस्थ गळ टाकून उभे असतात. पहिल्या वर्षी ते हसायचे. आता ते टोपी काढतात आणि "पुअर चॅप" म्हणून पुन्हा घालतात.

ईशान आणि रेवा, तुम्ही ऑकलंडहून मागे आला होतात तेव्हा हे पाहिलं आहे. रेवा, तू विचारलं होतंस, "आजोबा, मासा मेली?"

त्यांनी चष्म्यावरून तुझ्याकडे बघितलं. "मेला. मासा मेला. आणि नुसतं मेला म्हणून भागत नाही. किती वाजता?"

तू त्यांच्या घड्याळात वाकून बघितलंस. "ट्वेल्व्ह-ओ-फोर."

"शाब्बास," ते म्हणाले, आणि साक्षीदार म्हणून त्यांनी वहीत तुझं नाव लिहिलं. तुम्ही दोघं नेहमी विचारता की ते आजोबा असं का करतात. उत्तर लांब आहे, म्हणून नीट लिहूनच पाठवते आहे.

डॉक्टर पळसुले मूळचे नागपूरचे. इथे कार्डिफला तीसेक वर्षं त्यांनी हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात काढली. निवृत्त झाले तेव्हा हाताखालच्या डॉक्टरांनी त्यांना गळाची काठी, रीळ आणि गळाला लावायच्या, पिसांच्या खोट्या किड्यांची एक डबी भेट दिली. पळसुले जन्माचे शाकाहारी, हे कोणाच्या लक्षात आलं नसावं. दुसऱ्या कोणी ती काठी माळ्यावर टाकली असती. हे म्हणाले, "दिलेली वस्तू वापरली पाहिजे." यूट्यूब बघून आणि ग्विनना विचारून ते शिकले. आता त्यांची दोरी पाण्यावर अशी अलगद पडते, की बघत राहावं.

तळ्याचा भाग राखीव आहे. पक्षी, बदकं, झाडं, कशालाच हात लावायचा नाही. ट्राउट जातीचे मासे मात्र मुद्दाम सोडलेले असतात आणि त्यांच्याबाबत नियम असा, की पकडलेले पहिले दोन मासे परत पाण्यात सोडायचे नाहीत. तिथल्या तिथे मारायचे. त्यासाठी एक छोटं दांडकं असतं, आणि त्याला इंग्रजीत 'प्रीस्ट' म्हणतात, म्हणजे आपला भटजी. ग्विननी हे सांगितलं तेव्हा पळसुले हसले नाहीत. "बरोबर आहे. अंत्यविधी तोच करतो," म्हणाले.

दोन्ही मासे आमच्याकडे येतात, कारण सुमनताईंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या स्वयंपाकघरात मासा शिरत नाही. पिशवी उघडली की माशाच्या शेपटीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी निघते. तारीख, वेळ, ठिकाण, नर की मादी. मी ती चिठ्ठी सोडवून बाजूला ठेवते आणि मगच मासा साफ करायला घेते. तुमचे आजोबा अलिबागचे, त्यांना चिठ्ठीचं काही वाटत नाही. "या ट्राउटला चव नाही," एवढीच त्यांची तक्रार. तरी दोन तुकडे जास्त घेतात.

दर रविवारी आम्ही चार-पाच मराठी घरं तळ्याला फेरी मारतो. निघण्यापूर्वी डॉक्टर वाहनतळावर वही घेऊन उभे. नवीन माणूस दिसला की पहिला प्रश्न, "तुम्हाला काही झालं तर कोणाला कळवायचं?"

एकदा ब्रॅकनेलहून एक तरुण जोडपं पाहुणं आलं होतं. मुलगा आयटीतला, चांगला सहा फूट, हातात कॉफी.

"म्हणजे... हिलाच कळवा ना, काका."

"ती तुमच्या शेजारीच चालणार. दोघांनाही झालं तर?"

मुलीने त्याच्या हातातली कॉफी काढून घेतली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"डॉक्टर, अहो लहान मुलं ढकलगाडीतून जातात या वाटेवरून," तुमचे आजोबा म्हणाले.

"जाऊ द्या ना. मी कुठं अडवून राहिलो? नोंद पाहिजे, एवढंच म्हणतो."

"या माणसाबरोबर फिरायला येणं म्हणजे स्वतःच्या दहाव्याची रंगीत तालीम," आजोबा मला म्हणाले, पण मोठ्याने. डॉक्टरांनी तेवढ्यात आजोबांच्या चालीकडे बघितलं. "गुप्ते, डावा गुडघा. फार तर दोन वर्षं टिकेल." आजोबा पुढची सगळी फेरी उजव्या पायावर भार देऊन चालले.

ते जोडपं पुन्हा आलं नाही.

मलाही हा माणूस आधी नुसता विक्षिप्त वाटायचा. मग एका रविवारी सुमनताई माझ्याबरोबर चालत होत्या, तेव्हा त्यांनी सांगितलं.

ज्या वर्षी कोरोनामुळे विमानं बंद होती, त्या वर्षी डॉक्टरांची आई नागपूरला वारली. डॉक्टर इथे सकाळ-संध्याकाळ हॉस्पिटलात. थोरले भाऊ नाना पुण्यात अडकलेले. घरात आई आणि तिला सांभाळणाऱ्या शेवंताबाई, एवढ्याच. आई दुपारी गेली. गल्लीतला डॉक्टर साडेचारला पोचला आणि त्याने दाखल्यावर साडेचार लिहिलं. शेवंताबाई नानांना फोनवर म्हणाल्या, तीन वाजता.

आता तिथी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. तिथी म्हणजे चंद्राचा दिवस. तो मध्यरात्री बदलत नाही, दिवसाच्या कुठल्याही मिनिटाला संपतो. माणूस ज्या तिथीला जातं, त्या तिथीला दर वर्षी त्याचं श्राद्ध करतात. त्या दुपारी षष्ठी तीन वाजून दोन मिनिटांनी संपत होती आणि सप्तमी लागत होती.

नाना षष्ठी करतात. डॉक्टर त्यांना फोनवर विचारत, "तीन म्हणजे तीन, की तीनच्या सुमाराला? बाईंनी घड्याळ बघितलं होतं का?" नाना शेवटी चिडले. "सदा, तू तर देव मानत नाहीस."

"देवाचं काय आहे त्यात? आईची वेळ चुकीची लागली आहे कागदावर."

सुमनताईंनी एक मार्ग सुचवून पाहिला होता. ज्यांची तिथी माहीत नसते त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या असते, त्या दिवशी पान वाढावं. डॉक्टरांनी ताट बाजूला सारलं. "ते बेवारशांसाठी. माझी आई बेवारशी नव्हती. तिला दोन मुलं होती."

"ह्यांनी आयुष्यभर परक्यांच्या वेळा सांगितल्या," सुमनताई म्हणाल्या. "त्या वर्षी तर एकेका दिवसात किती. घरी येऊन बूट काढताना पुटपुटत असायचे. आणि आईंची तेवढी माहीत नाही."

आईनंतर शेवंताबाई घर सोडून काटोलकडे मुलाकडे गेल्या, आणि त्यांचा फोन लागेनासा झाला. डॉक्टर चार वर्षं त्यांना शोधत होते. मागच्या ऑगस्टमध्ये नानांच्या मुलीला त्यांचा नंबर मिळाला. रविवारी तिथल्या दुपारी, म्हणजे इथे सकाळी, त्या फोन करणार असं ठरलं.

त्या रविवारी डॉक्टर फेरीला आले नव्हते. आम्ही दोघं फेरी मारून ते गळ टाकून होते तिथे पोचलो आणि बाकावर बसलो. ते पाण्यात घोट्यापर्यंत उभे. नुकताच एक मासा मारलेला. दोन्ही हात चिकट. फोन वाजला. त्यांनी कोपराने कोटाच्या खिशाकडे खूण केली, आजोबांनी फोन काढून स्पीकर लावला आणि तसाच त्यांच्यासमोर धरून ठेवला. म्हणून आम्ही हे ऐकलं, नाहीतर ऐकू नये असंच होतं.

"सदादादा का?"

"हो, शेवंताबाई. बऱ्या आहात?"

"बरी हाये." मग लाइनीची घरघर. "दादा, ताई म्हणे तुमाले आईची वेळ पाहिजे म्हणून."

"हो. तीनच्या आधी की नंतर, एवढं आठवलं तरी पुरे."

"दादा, मी खोटं बोलली."

डॉक्टरांनी कान फोनजवळ नेला.

"मले झोप लागली होती. आईले जेवू घातलं, पाय चेपून दिले, अन् तिथंच भिंतीले टेकली. उठली तं त्या गेल्या होत्या. किती वाजता गेल्या, मले नाही माहीत. नाना रागावतीन म्हणून तीन सांगितलं." त्या रडत नव्हत्या. पाठ केल्यासारखं सांगत होत्या. "तवापासून मी दुपारची पाठ टेकली नाही, दादा. जागी असती तं कोणाले हाक मारली असती. डॉक्टर आला असता."

तुमच्या आजोबांचा फोन धरलेला हात खाली येऊ लागला. डॉक्टरांनी तो कोपराने वर केला.

"शेवंताबाई, आता मी विचारतो त्याची उत्तरं द्या. आई कोणत्या कुशीवर होती?"

"उजव्या."

"तोंड उघडं होतं?"

"थोडंसं."

"हात हलवून पाहिला होता? नरम होता, की आखडला होता?"

"नरम होता. गार होता."

"चादर पायाने ओढलेली, विस्कटलेली होती का?"

"नाही. मी घातली तशीच होती."

"बस. कळलं." त्यांचा आवाज एकदम हॉस्पिटलातला झाला. "दोन वाजून चाळीस मिनिटं. झोपेत हृदय थांबलं. तिला कळलंसुद्धा नाही. तुम्ही समोर टक लावून बसल्या असत्या, तरी तुम्हाला दिसलं नसतं. मी उशाशी असतो, तरी मला काही करता आलं नसतं."

"खरंच?"

"मी डॉक्टर आहे. हेच काम केलं जन्मभर. लिहून देऊ का?"

तेव्हा त्या रडल्या. डॉक्टर पाण्यात उभे राहून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "आज दुपारी झोपा थोडं. माझ्यासाठी झोपा."

फोन बंद झाला. तुमचे आजोबा भाबडे. त्यांना आनंद झाला होता. "चला डॉक्टर, निकाल लागला. दोन चाळीस म्हणजे षष्ठीच. नाना बरोबर होते."

डॉक्टर वाकून तळ्याच्या पाण्यात हात धूत होते. "कसला निकाल, गुप्ते? उजवी कूस आणि नरम हात, यावरून मिनिटं कोणाला सांगता येतात? दीड असेल. चारही असतील."

"मग दोन चाळीस?"

"शेवंताबाईंना आकडा पाहिजे होता."

मी विचारलं, "आणि आईंना काही कळलं नाही, ते?"

"ते पण मला माहीत नाही, वहिनी." त्यांनी हात कोटाला पुसले. "आई एकटी होती. समोर माणूस होतं आणि एकटी होती. आता हे कोणालाच कळणार नाही."

एवढं बोलून त्यांनी सामान आवरलं. नियमाप्रमाणे त्यांना आणखी एक मासा ठेवता आला असता. ते थांबले नाहीत. आम्ही तिघं वाहनतळापर्यंत गेलो, आणि सबंध वाटेत त्यांनी कोणाच्याही गुडघ्याबद्दल काही सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात त्यांचा फोन आला. "वहिनी, सर्वपित्रीला तुम्ही दोघं आमच्याकडे जेवायला या." मी बरं म्हटलं.

आम्ही गेलो तेव्हा बाहेर पाऊस होता. भटजी नव्हते. केळीची पानं मिळाली नव्हती, म्हणून ताट होतं. सुमनताईंनी रीतीचं सगळं केलं होतं. वडे, खीर, आमटी, दोन भाज्या, आल्याची चटणी. आईच्या ताटात उजव्या अंगाला मात्र एक बशी होती आणि बशीत दुधात बुडवलेली दोन साधी ग्लुकोज बिस्किटं.

मी सुमनताईंकडे बघितलं.

"मलाही माहीत नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या. "यांनी परवा शेवंताबाईंना फोन करून विचारलं. शेवटचे दोन महिने आईंना तेवढंच जात होतं."

डॉक्टर ताटाशी उकिडवे बसले होते. मधूनच चमच्याने बिस्किटाची कड उचलून बघत होते, फार भिजून मोडत तर नाही ना.