अव्वल दुधाच्या फजितीचे वर्तमान

श्रीगजानन प्रसन्न. लिहिणाराचे अक्षर बरे नाही, ते वाचणाराने सोसावे. डॉक्टर वैजयंतीबाई सबनीस यांनी आज्ञा केली की, "आमची फजिती काही न वगळता लिहावी," म्हणून लिहिले. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एका राज्यात वर्तमान जाहाले ते ऐसे. राजधानीचे इस्पितळी दुग्धपेढी होती. ज्या मातेस लेकरास पुरून दूध उरे तिने ते तेथे द्यावे, आणि दिवस न भरता जन्मलेल्या बालकांस ते पाजावे, ऐसा शिरस्ता. पेढीच्या अधिपती वैजयंतीबाई, विद्येने थोर, आणि ही गोष्ट सर्वांआधी त्यांस स्वतःस ठाऊक. तीन महिन्यांमागे त्यांस कन्यारत्नही लाभले होते. त्या समयी परमुलखातून एक यंत्र आले, आणि ते मातेच्या दुधातील साखरा निवडून दाखवू लागले. या साखरा चहात घालावयाच्या नव्हेत. घडण गुंतागुंतीची, जाती शेदोनशे, बाळास त्या पचतही नाहीत. बाळाच्या आतड्यात जे हितकर जंतू ठाणे देऊन बसतात त्यांचा हा शिधा. मग बाईंनी पाहिले की एक साखर कित्येक मातांच्या दुधात मुबलक आणि कित्येकींच्या दुधात जवळपास नाहीच, आणि बाईंस परम हर्ष जाहाला, आणि हर्षाचे भरात हुकूम सोडिला की ज्यात ती साखर ते दूध अव्वल, उरले ते दुय्यम, आणि बाटल्यांवर तैशा चिठ्ठ्या डकवाव्या.

अनुसयाबाई खरात, भाजी विकणाऱ्या, पेढीस नित्य दूध देत. त्यांच्या बाटलीस दुय्यम चिठ्ठी लागली. त्या पुसत्या जाहाल्या, "बाई, माज्या दुधात काय खोट हाय का?" तेव्हा धीराचे दोन शब्द बोलावे, ते सोडून बाईंनी अर्धी घटका व्याख्यान दिले, आणि अनुसयाबाई मान खाली घालून निघून गेल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. मग बाईंचे मनी आले की आपलेही दूध यंत्रास दाखवावे; अव्वलांत अव्वल ठरेल, मग निकालाचा कागद चौकटीत लावू. भिंतीवर जागाही मुक्रर केली. कागद आला. ती साखर नाही. बाईंनी यंत्र बिघडले ऐसे ठरवून पुन्हा तपासविले, आणि पुन्हा एकदा. यंत्र आपल्या बोलण्यावर कायम. मग घरी येऊन पाहतात तो कन्या गुबगुबीत, पाय झाडीत, आईच्या दुय्यम दुधावर संतुष्ट. बाईंस आधी हसू आले, आणि मग अनुसयाबाईंचा चेहरा आठवला, आणि हसू जिरले.

दुसरे दिवशी कन्येस कडेवर घेऊन बाई त्यांचे घरी गेल्या. तो अनुसयाबाईंनी चार दिवसांपासून लेकरास अंगावर पाजणे सोडिले होते. डब्यातली पावडर कालवून पाजीत होत्या, आणि लेकरू जुलाबांनी सुकले होते.

"माझ्याही दुधात ती साखर नाही," बाई कशाबशा बोलिल्या.

"मंग तुमची पोर येवढी बाळसेदार कशी?"

"तेच सांगायला आले. साखर आईगणिक निराळी असते. तुमच्या दुधात दुसऱ्या आहेत, माझ्याही. चूक दुधात नव्हती, माझ्या चिठ्ठीत होती."

"ह्ये त्या दिशी का न्हाई सांगितलं?"

"त्या दिवशी मी फार हुशार होते."

अनुसयाबाई हसल्या नाहीत. मग बाईंनी लेकरास इस्पितळी नेले, मीठसाखरेचे पाणी चमच्याचमच्याने स्वहस्ते पाजिले, आणि त्यास पुन्हा आईचे अंगावर लावविले. पहिले दोन दिवस दूध येईना आणि लेकरू रडे, आणि त्याबरोबर दोघीही रडत. तिसरे दिवशी दूध उतरले, आणि आठवड्यात लेकराने अंग धरिले.

सारांश, चिठ्ठ्या बाईंनी आपल्या नखांनी खरवडून काढिल्या. पद राहिले, ताठा उतरला. अनुसयाबाईंनी मात्र पेढीस पुन्हा दूध दिले नाही. बाई विनवावयास गेल्या तेव्हा त्या पदराआड लेकरास घेऊन बसल्या होत्या, बोलिल्या, "आता समदं ह्याचंच." बाई मान डोलावून परतल्या.