तिसऱ्यांदा विचारलं असतं तर

यंत्रात काहीही बिघाड नव्हता, आणि तीच तर पंचाईत होती. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून तार आत सोडली, की बर्फाखालचे मासे पडद्यावर दिसतात, असं खोक्यावर छापलं होतं. ऑर्व्हिल स्कोगस्टाडने तार सोडली. यंत्राने इमानेइतबारे दाखवलं, की बावीस हिवाळे तो बर्फावर ज्या जागी खोपटी टाकून गळ सोडून बसतो, तिथे मासा नाही. एक बूट होता. तो मात्र लेससकट स्पष्ट दिसला.

"म्हणजे बावीस वर्षं तू बुटावर पाळत ठेवून होतास," त्याची बायको मेव्हिस म्हणाली.

तिच्या शेगडीच्या चार बर्नरपैकी तीन मेले होते, आणि नव्या शेगडीसाठी बाजूला ठेवलेल्या सहाशे डॉलरांतूनच ऑर्व्हिलने हे सत्यशोधन केलं होतं. माल परत करायला पंधरा दिवसांची मुदत. आज पंधरावा.

"आज ते खोकं घेऊन घरात आलास, तर उद्यापासून स्वयंपाक तू करायचा. एका बर्नरवर."

ऑर्व्हिल निघाला. पण ऑर्व्हिल पडला उत्तर मिनेसोटाचा. तिथल्या माणसाला कोणी काही देऊ केलं, की तो पहिल्यांदा "नको नको" म्हणतो, दुसऱ्यांदा "छे, कशाला उगाच त्रास" म्हणतो, आणि तिसऱ्यांदा "एवढं म्हणताय तर" म्हणून घेतो. पहिल्याच खेपेला हो म्हणणाऱ्याबद्दल गावात वर्षभर दबक्या आवाजात बोललं जातं. बुडत्याला दोर टाकला, तरी तो आधी टाकणाऱ्याच्या पाठदुखीची चौकशी करतो.

दुकानाच्या काउंटरवर होता रिकी डेलवेकिओ. तीन आठवड्यांपूर्वीच न्यू जर्सीहून आलेला. न्यू जर्सीत नाही म्हणजे नाही, आणि हो म्हणजे "किती?"

"बोला काका. काय झालंय याला?"

"काही नाही. छान चालतं."

"मग परत का?"

मागे रांगेत सहा माणसं होती, आणि त्यांत पाद्रीसाहेबांच्या सौभाग्यवती. आपल्या जागी मासा नाही, हे त्यांच्यासमोर बोलणं म्हणजे रविवारच्या प्रार्थनेनंतरच्या कॉफीला विषय पुरवणं.

"तसं काही नाही... सहजच. तुम्हाला त्रास नसेल तर."

रिकीने खोकं उघडून तार, पडदा, बॅटरी सगळं तपासलं. "खोकं फोडलंय, म्हणजे नियमाने पंधरा टक्के कापायला हवेत. पण तुम्ही भले गृहस्थ दिसता. पूर्ण पैसे देऊन टाकू?"

ऑर्व्हिलच्या छातीत चारही बर्नर एकदम पेटले. तोंड मात्र म्हणालं, "नको नको."

"नक्की?"

"छे हो, कशाला उगाच त्रास."

एवढं म्हणून तो काउंटरवर हात टेकून निवांत उभा राहिला. रांगही निवांत उभी राहिली. पाद्रीणबाईंनी तर त्याचं अभिनंदन करायला हातमोजा काढला.

"मानलं तुम्हाला!" रिकीने खोक्याला चिकटपट्टी मारून ते ऑर्व्हिलकडे परत सरकवलं. "आमच्याकडे लोक दोन वर्षं वापरून आणतात, वर भांडतात. आणि तुम्ही मिळणारे पैसे सोडताय!"

ऑर्व्हिल वाट बघत राहिला. रिकीही बघत राहिला, कारण गिऱ्हाईक हलत नव्हतं. न हलणाऱ्या गिऱ्हाइकाला काहीतरी विकायचं, हे दुकानाने त्याला शिकवलं होतं.

"तीन वर्षांची जादा हमी देऊ? ऐंशी डॉलर फक्त."

"नको नको."

"पाण्याचं काम आहे काका."

"छे, कशाला उगाच."

"घ्याच हो, माझं ऐका."

विकताना तीनदा विचारायचं, हेही दुकानानेच शिकवलं होतं. परत घेताना किती वेळा, याबद्दल दुकान मौन पाळून होतं.

"बरं," ऑर्व्हिलची जीभ म्हणाली, "एवढं म्हणताय तर."

घरी मेव्हिसने खोकं पाहिलं, हमीचा कागद वाचला आणि खुर्चीत बसली.

"पैसे देतो म्हणाला, आणि तू नको म्हणालास?"

"दोनदाच म्हणालो."

"दुसऱ्या वेळेला हो म्हणायला तुझी जीभ झडली होती?"

"सहा माणसांसमोर? पाद्रीणबाई होत्या मागे."

मेव्हिसने शेगडीची ती एकुलती ज्योत बारीक केली. "पाद्रीणबाई होत्या हे आधी नाही का सांगायचं," ती म्हणाली. "मग तू तरी काय करणार."

तेवढ्यात फोन वाजला. मेव्हिसने उचलला. रिकी होता.

"बाई, मला दुपारपासून चैन नाही. काकांना बळंच हमी विकली. मॅनेजरशी बोललोय. दुकान बंद व्हायला अजून तास आहे, खोकं आणि हमी दोन्ही आणा, सगळे पैसे देतो. रांगेतही उभं राहू नका."

मेव्हिसचा चेहरा उजळला. ऑर्व्हिल तर बूट चढवायला वाकलासुद्धा.

"अय्या, नको नको," मेव्हिस म्हणाली. "कशाला उगाच आमच्यासाठी त्रास."

आणि ऑर्व्हिलला 'थांब' अशी खूण करून, फोन कानाला घट्ट लावून ती हसतमुखाने वाट बघू लागली.

"बरं बाई, तुमची मर्जी," रिकी म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.