निमाई, नईम आणि नदी

निमाई चित्रकर अंगणात गोकर्णाची फुलं कुटत बसला होता, तेव्हा पोस्टमन दोन लिफाफे देऊन गेला. एक श्री. निमाई चित्रकर यांना, दुसरा जनाब नईम चित्रकर यांना. दोन्ही नावं त्याचीच. बंगालातल्या मेदिनीपूरकडच्या पटुआ चित्रकारांमध्ये ही जुनीच रीत. मशिदीत तो नईम, आणि देवादिकांचे पट रंगवून गावोगाव गात हिंडताना निमाई. कुठल्याही नावाने हाक मारली तरी तो सारख्याच उशिरा ओ द्यायचा, कारण जीव सगळा रंगात.

त्याच्या बायकोने, मोयनाने, पत्रं वाचून दाखवली. सरकारी सद्भाव मेळा होता. एक हिंदू आणि एक मुसलमान चित्रकर एकाच कापडावर चित्र काढणार आणि मंत्र्यांसमोर एकमेकांना मिठी मारणार.

"अगं, पण हे दोघं म्हणजे मीच की."

"मग कळवा त्यांना तसं."

"कळवतो," असं म्हणून तो परत फुलांकडे वळला. खलात निळा रंग हळूहळू उतरत होता. त्यात आभाळाचा एक तुकडा दिसत होता, त्या तुकड्यात एक घार फिरत होती. कळवायचं राहून गेलं.

मेळ्याच्या दिवशी निमाईने सही करून आपला बिल्ला घेतला आणि प्रामाणिकपणे नईमचाही मागून घेतला. मेळ्याचे अधिकारी तरफदारबाबू घाम पुसत आले.

"निमाईदा, नईमदा कुठं राहिले?"

"इथंच आहे."

"इथं म्हणजे कुठं?"

"बाबू, तो मीच."

तरफदारबाबू मटकन खुर्चीत बसले. "अहो, पत्रिका छापल्यात! साहेबांचं भाषण लिहून झालंय! त्यात 'हे दोन हात' नऊ वेळा आलंय!"

"हात दोनच आहेत की, बाबू."

शेवटी बाबूंनीच तोड काढली. दुपारपर्यंत धोतर नेसून डावी बाजू रंगवायची, मग लुंगी-टोपी घालून उजवी. कुणी विचारलंच, तर दुसरा जेवायला गेलाय म्हणून सांगायचं. मोयनाने जेवणाची दोन्ही पाकिटं ताब्यात घेतली.

निमाई रंगवायला बसला आणि सगळं विसरला. कापडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याने नदी सोडली. नदीत माशांचं लग्न होतं. रोहू नवरदेव, डोक्यावर मुकुट. कोळंबीच्या मिशांवर दिव्यांची माळ. मधल्या रेघेपाशी वरात पोहोचली तेव्हा बाबूंनी त्याला दंडाला धरून उठवलं आणि कनातीमागे नेऊन लुंगी नेसवली. परत येऊन त्याने वरात पुढे काढली.

कोलकात्याहून आलेले एक प्राध्यापक बराच वेळ चित्रासमोर मान हलवत होते. "डावीकडची नदी बघा, आईसारखी वाहतेय. उजवीकडचं पाणी मात्र फिकट. त्याला दूरच्या वाळवंटाची आठवण येतेय."

"निळा संपत आला होता," मोयना म्हणाली, "म्हणून पाणी जास्त घातलं."

तीन वाजता मंत्रिमहाशय आले. दोन हात नऊ वेळा होऊन गेले. "आता ते दोघे बंधू वर येतील!"

एकच बंधू वर आला. घाईत लुंगी बदलून धोतर नेसलेलं, पण डोक्यावर टोपी तशीच.

"दुसरे?" मंत्र्यांनी हळूच विचारलं. निमाईने हात जोडले.

मागून कुणीतरी ओरडलं, "दुसरा पळाला! मिठी मारायला नको म्हणून पळाला!"

"कुठला पळाला? आमचा की तुमचा?"

"तुमचाच असणार!"

खुर्च्या सरकल्या. माणसं उभी राहिली. पुढच्या रांगेतले लोक मागे वळून बघू लागले, आणि बघण्यात गंमत उरली नव्हती. बाबूंनी भीतीने डोळे मिटून घेतले. निमाईला वाटलं, आता कुणीतरी नदीवर पाय देईल. तो चित्रासमोर आडवा उभा राहिला.

तेवढ्यात मोयना खुर्चीवर चढली.

"ए, गप बसा सगळे! ते दोघंही माझेच नवरे आहेत!"

उभी राहिलेली माणसं तिच्याकडे वळली.

"एक चित्रं काढतो, दुसरा पत्राला उत्तर द्यायचं विसरतो. सोळा वर्षं दोघांना मी एकाच हंडीत रांधून घालतेय. कुणाला हवेत का? हवे तर घेऊन जा, पण दोन्ही न्यायचे. एकेक सुटा मिळणार नाही!"

आधी एक म्हातारा हसला, मग त्याच्याशी भांडणारा हसला, मग सगळा मंडपच हसू लागला. मंत्री मुरलेले होते. भाषणाचा कागद खिशात घालून त्यांनी निमाईलाच कडकडून मिठी मारली. सगळीकडून कॅमेरे चमकले. निमाई त्यांच्या खांद्यावरून आपल्या नदीकडे बघत राहिला. कोळंबीची एक मिशी राहिलीच होती.

दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात वर्तमानपत्र आलं. पहिल्याच पानावर मिठीचा फोटो. खाली छापलं होतं, "सद्भावाची गळाभेट: डावीकडे निमाई चित्रकर, उजवीकडे नईम चित्रकर."

मंत्र्यांच्या कचेरीतून बाबूंना सकाळपासून सात फोन आले होते.

निमाईने फोटो उन्हात धरला आणि बराच वेळ, अगदी मायेने, बघितला.

"नईमची तब्येत सुधारलीय," तो म्हणाला. "चांगल्या घरचा वाटतोय."