इथून जाताना तुम्हाला कसं वाटतंय?

सोमवारी तात्या कार्यालयात आले तेव्हा त्यांच्या खिडकीवर एक यंत्र बसवून झालं होतं. त्यावर तीन बटणं होती: हिरवं हसरं, पिवळं गप्प आणि लाल रडकं. वर ठळक अक्षरांत प्रश्न, 'इथून जाताना तुम्हाला कसं वाटतंय?' यंत्र परदेशातलं. तिकडे म्हणे ते बुटांच्या दुकानात लावतात. पण कारभाराला जागतिक दर्जा आणायचं वरून ठरलं, आणि प्रत्येक खिडकीला एकेक यंत्र आलं. तात्यांची खिडकी मृत्यूच्या दाखल्यांची होती.

महिन्याने निकाल लागला. शेजारी जन्माचे दाखले देणाऱ्या मावशींना सत्त्याण्णव टक्के. मावशी लोकांवर खेकसायच्या, बाळाचं नाव हटकून चुकवायच्या, पण नव्या आईबापांना काय, कशाचंही हसूच येतं. तात्यांना मिळाले दोन टक्के.

साहेबांनी त्यांना बोलावलं. साहेब वयाने तात्यांच्या मुलाएवढे, परदेशातून नुकतंच प्रशिक्षण घेऊन आलेले.

"तात्या, चाळीसच्या खाली राहिलात तर जुन्या कागदांच्या गोदामात बदली होते. वरून आलंय, माझ्या हातात काही नाही."

सव्वीस वर्षं तात्या त्या खिडकीत बसत होते. रडणाऱ्या माणसाला आधी पाणी द्यावं, मग नाव विचारावं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचा जीव होता त्या कामावर. गोदामात काय कागदांना पाणी पाजायचं?

"साहेब, बाप गेलेला माणूस हसरं बटण कसं दाबेल?"

"सेवा चांगली असेल तर दाबेल. यंत्रासोबत आलेल्या पुस्तकात तसं दिलंय."

पुस्तकात आणखीही बरंच होतं. येणाऱ्याचं स्वागत हसून करावं, हसताना दात दिसावेत आणि निरोप देताना 'पुन्हा अवश्य या' म्हणावं. तात्यांनी घरी आरशासमोर सराव केला. बायको दारातून बघत होती.

"अहो, दाढ दुखतेय का? लवंग देऊ?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्याच गृहस्थांच्या हातात दाखला ठेवला आणि दात दाखवले. "पुन्हा अवश्य या."

"पुन्हा?" गृहस्थ कडाडले. "अहो, घरात आता मी एकटाच उरलोय!" आणि त्यांनी लाल बटण तीनदा ठोकलं.

तरी तात्यांनी हसणं सोडलं नाही. पण हसू टिकवायचं म्हणजे सगळं लक्ष गालांकडे. त्या गडबडीत, शहाण्णव वर्षांच्या मामांचा दाखला न्यायला आलेल्या भाच्याचंच नाव त्यांनी मृताच्या रकान्यात लिहिलं आणि वर शिक्काही मारला. भाच्यानेही न वाचता तो कागद आपल्या ऑफिसात रजेच्या अर्जाला जोडला.

दहा दिवसांनी भाचा सहकुटुंब खिडकीवर हजर.

"अहो, मी मेलोय!"

"कधी?" तात्यांनी सवयीने विचारलं.

"तुम्हीच सांगा! माझ्या खुर्चीवर दुसरा माणूस बसवलाय. शोकसभासुद्धा झाली. मी मागच्या बाकावर बसून ओरडत होतो, तर म्हणतात, जिवंत असल्याचा कागद आणा."

दाखला बघून तात्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. चार वेळा माफी मागून ते स्वतः टेबलाटेबलावर धावले, सह्या आणल्या आणि अर्ध्या तासात त्यांनी भाच्याला कागदोपत्री जिवंत केलं. त्याच्या बायकोने आनंदाने डोळे पुसले. भाच्याने हिरवं बटण दाबलं, बायकोने दाबलं, दोन्ही सुनांनी दाबलं. चार वर्षांच्या नातीला तर तिथून उचलूनच न्यावं लागलं, पण तोवर तिने दोनशेदा तरी दाबलं असेल.

पुढच्या निकालात तात्यांना त्रेसष्ट टक्के मिळाले. साहेब स्वतः खिडकीपाशी धावत आले.

"तात्या, बदली रद्द! यंत्रवाल्या कंपनीचं अभिनंदनाचं पत्र आलंय. त्या एका दिवशी तुम्ही जे केलंत, तीच पद्धत आता सगळीकडे लागू होणार. तुमच्याकडून महिन्याला असे दहाजण हवेत."

"साहेब, ती पद्धत नव्हती हो, ती चूक होती."

"मोठ्या सुधारणा अशाच सुरू होतात. लाजू नका. आजच्या आज सुरुवात करा, मी इथे उभा राहून बघतो."

साहेबांचा चेहरा इतका फुलला होता की तात्यांना त्यांचं मन मोडवेना. शिवाय हुकूम तो हुकूम. त्यांनी नोंदवही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं.

"बरं साहेब. पूर्ण नाव सांगा."

"माझं? माझं कशाला?"

मग तात्यांनी त्यांना ती पद्धत पहिल्यापासून, नीट सावकाश समजावून सांगितली. ऐकता ऐकता साहेबांनी खिडकीची कड घट्ट धरली.

"घाबरू नका," तात्या मायेने म्हणाले, "अर्ध्या तासात जिवंत करतो. जाताना हिरवं दाबायचं तेवढं लक्षात ठेवा."