शामलाचं 'ॲक्चुअली'

इंग्रजी बोलायला इंग्रजी यावं लागतं, ही समजूत मी बहात्तर साली कायमची मोडीत काढली होती. एकच शब्द पुरतो. ॲक्चुअली. वाक्याच्या तोंडाशी ठेवला, की मागचं सगळं मराठी बी.ए. झाल्यासारखं दिसतं.

म्हणून पुतणी शामलाला पाहायला कामठीचे पाहुणे येणार म्हटल्यावर मी तिला तो शब्द दिला. आधीची दोन स्थळं 'मुलगी शिकलेली वाटत नाही' म्हणून परतली होती, आणि हा मुलगा तर तिला फोटोतच आवडून बसला होता.

"अर्थ काय गा काका त्याचा?"

"अर्थाचं काय करतेस? नुसता लावायचा."

महाल वस्तीतल्या आमच्या घरी बैठकीत पाहुणे टेकले. मुलगा, त्याची आई रुखमाबाई आणि मामा रुपराव. मामांची हयात कोर्टात साक्षी लिहून घेण्यात गेली होती, हे मला उशिरा कळलं.

"वय काय बेटा?" मामांनी विचारलं.

"ॲक्चुअली एकवीस."

मामांनी बशी खाली ठेवली. "मंग सांगाचं किती ठरलं होतं?"

"ॲक्चुअली एकवीसच."

"अन् पोहे कोणं केले?"

"ॲक्चुअली मी."

"पाह्य वं बाई," मामा बहिणीकडे वळले, "साक्षीदार न विचारता 'खरं सांगतो, खरं सांगतो' करून राहिला, की आमचे जजसाहेब संशयानं चष्मा पुसाले घेत."

रुखमाबाईंचा घास हातातच राहिला. शामलाच्या आईनं, म्हणजे सुभद्रावहिनींनी, उतू गेलेल्या दुधाकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. प्रकरण सावरायला मी पुढे सरसावलो.

"ॲक्चुअली, हिचं आधी कुठंच जमलं नव्हतं."

बैठकीत पंख्याचाही आवाज थांबला. वीज गेली होती.

शेवटी शामलाच उभी राहिली. "पोहे आईनं केले. मले फोडणी जमत नाही. वय एकवीसच आहे. अन् तो शब्द काकानं शिकवला, मले त्याचा अर्थबी ठाऊक नाही."

इतका वेळ जमिनीकडे पाहणारा मुलगा हसला. "मले जमते फोडणी," तो म्हणाला.

रुपरावांनी बशी पुन्हा उचलली. "आता पटली साक्ष. पोरगी पक्की कर, बाई."

निघताना रुखमाबाई वहिनींच्या कानाशी लागल्या, पण मला ऐकू येईल अशा बेतानं. "लग्नात या भाऊजींले काम द्या वं काहीतरी. तोंड बंद राहीन असं."

लग्नात मी मठ्ठा वाढला. पंगतीमागून पंगती. कोणी वाखाणलाच, तर मान हलवायची आणि पुढच्या पानाकडे सरकायचं.