उसनी दाढी

आल्गोट ब्रुन्स्ट्रोमच्या सलूनमध्ये मार्चपासून जमिनीवर एक केस पडला नव्हता. एरवी धंदा बसला की माणूस नशिबाला शिव्या देतो, नाहीतर समोरच्या दुकानदाराला. आल्गोटला तीही सोय नव्हती, कारण त्याचा धंदा त्याच्याच लाडक्या आइस हॉकी संघाने बसवला होता.

सगळा हिवाळा स्टोरमिर गावाचा हा संघ इमानेइतबारे हरत होता. लीगमधून यंदा खाली ढकलले जाणार, हे गावाने धरूनच ठेवलं होतं. लोक आल्गोटच्या खुर्चीत बसून प्रशिक्षकाची बिनपाण्याने करायचे आणि आल्गोट त्यांची पाण्याने करायचा. दोन्ही कामं शांतपणे चालली होती. पण फेब्रुवारीच्या शेवटी कुणाच्या ध्यानीमनी नसताना संघ जिंकू लागला आणि कसाबसा, सगळ्यांच्या शेवटी, बाद फेरीत घुसला.

बाद फेरी लागली की खेळाडू दाढी करत नाहीत. हरून घरी जाईपर्यंत किंवा सोनं जिंकेपर्यंत वस्तऱ्याला शिवायचं नाही. हे सगळीकडेच चालतं. पण स्टोरमिरने पहिली फेरी मारली तेव्हा गावातल्या पुरुषांनीही दाढ्या सोडल्या. दुसरी मारल्यावर डोक्याचे केस कापणं बंद झालं. मग बायकांनी विचारलं, संघ काय फक्त पुरुषांचा आहे? समानतेच्या प्रश्नावर कोण वाद घालणार! त्यांनीही केस वाढवले. उपांत्य फेरीत गावातल्या कुत्र्यांचे केस वाढले, मेंढ्यांची लोकर उतरवणं लांबलं आणि नगरपालिकेने रस्त्याकडेच्या झुडपांची छाटणी पुढे ढकलली. पाद्रीणबाईंच्या डोळ्यांवर इतकी झुलपं आली की एका बाप्तिस्म्यात त्यांनी पवित्र पाणी बाळाऐवजी बाळाच्या काकांच्या टकलावर ओतलं. काकांनी सभ्यपणे आभार मानले.

"किती दिवस असा माशा मारत बसणार आहेस?" आल्गोटची बायको गुनवोर विचारायची.

"या थंडीत माशासुद्धा नाहीत गं," आल्गोट म्हणायचा, आणि स्वच्छ फरशी पुन्हा झाडायचा.

खरं तर त्याला धंद्याचं एवढं वाईट वाटत नव्हतं. संघ अंतिम फेरीत पोचला होता, तीन सामने जिंकून बसला होता, आणि शनिवारी घरच्या बर्फावर चौथा जिंकला की सोनं! स्टोरमिरला आजवर सोनं कधी मिळालंच नव्हतं. आल्गोट लहानपणापासून त्याच स्टँडमध्ये, त्याच खुर्चीवर बसून पराभव बघत आला होता. एकदा, फक्त एकदा, आपल्या पोरांना विजेत्यांची सोनेरी हेल्मेटं घालताना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

आणि नेमका तेव्हाच एव्हर्ट सुंदेलिन सलूनमध्ये आला.

एव्हर्ट हा समर्थक मंडळाचा अध्यक्ष. स्टँडमध्ये आल्गोटच्या शेजारची खुर्ची त्याची. दाढी छातीपर्यंत आलेली, आणि बोलणं मात्र मोजूनमापून. त्या गावातली माणसं 'हो' म्हणायलाही शब्द खर्च करत नाहीत, ओठ आवळून हवा आत ओढतात, झालं. एव्हर्ट त्यांच्यातही काटकसरी होता.

"कॉफी घेणार?" आल्गोटने विचारलं.

"श्शुप्," एव्हर्टने हवा आत ओढली, म्हणजे घेणार. कॉफी अर्धी संपल्यावर तो म्हणाला, "काल सभा झाली."

"कसली?"

"तुझ्या हनुवटीची."

"माझ्या हनुवटीने काय केलं?"

"काही केलं नाही. तीच तक्रार आहे."

"अरे, मला दाढी येतच नाही! शाळेपासून बघतोयस तू मला!"

"मी बघतोय. पण लोक म्हणतात, न्हाव्याचा काय भरवसा? मागच्या खोलीत रोज गुपचूप उरकत असेल. आपलाच माणूस ऐन वेळी केसाने गळा कापायचा."

"मग आता?"

"जबरदस्ती कुणावर नाही," एव्हर्ट म्हणाला. त्या गावात जबरदस्ती करायची झाली तर अशाच आवाजात करतात. "फक्त सगळ्यांचं असं मत पडलं, की शनिवारी दाढी घेऊन यावंस. नाहीतर घरी टीव्हीवर बघावंस. कॉफी छान होती."

आल्गोटची पाचावर धारण बसली. त्याने त्या दिवसापासून गळ्याभोवती मफलर गुंडाळला आणि 'येतेय, येतेय' असं सांगत फिरू लागला. आत काहीच येत नव्हतं. गुनवोरने नाताळच्या बाबाची कापसाची दाढी माळ्यावरून काढली, पण ती तर गावातल्या प्रत्येक मुलाने एकदा तरी ओढलेली होती.

"खऱ्या केसांची करून देते की मी," गुनवोर म्हणाली. "चिकटवायचा डिंकही आहे शिल्लक. केस आण."

"कुठून आणू? या गावात कुणी कापतंय का?"

गुरुवारी दुपारी मागच्या दाराची कडी वाजली. दारात टोपी नाकापर्यंत ओढून संघाचा गोलरक्षक उभा होता. मेल्कर हागेल्योव. त्याची तांबूस दाढी कोटाच्या आत खोचलेली होती.

"आल्गोट, कुणाला सांगणार नाहीस ना?" तो आत येऊन म्हणाला. "दाढी मास्कच्या पट्ट्यात अडकते. मान डावीकडे वळतच नाही. शेवटचे सगळे गोल डावीकडून खाल्ले मी, बघितलंस ना?"

"बघितलं. मला वाटलं, तू डावीकडे रागावलायस."

"काप ना थोडी!"

"वेडा आहेस का? शनिवारी हरलो तर गाव मला जिवंत सोडेल का? तुझ्या केसालाही धक्का लावणार नाही मी!"

"नाही कापलीस तर नक्कीच हरणार," मेल्कर काकुळतीला आला. "तूच ठरव."

आल्गोटने त्याच्या दाढीकडे पाहिलं. दाट, लांब, खरी. मग त्याने दाराला कडी घातली, पडदा ओढला आणि कात्री उचलली. इतक्या दिवसांनी हाताला काम लागलं होतं. थोडी थोडी म्हणता म्हणता तो असा रंगला, की शुद्धीवर आला तेव्हा मेल्करची हनुवटी बर्फासारखी गुळगुळीत झाली होती. दोघांनी आरशात पाहिलं.

"मास्क काढायचा नाही," आल्गोट म्हणाला. "झोपतानासुद्धा."

शनिवारी आल्गोट आपल्या खुर्चीवर जाऊन बसला. हनुवटीवर दाढी होती. डोक्यावरचे चार केस पांढरे आणि दाढी भडक तांबूस, पण एकानेही काही विचारलं नाही, कारण दुसऱ्याच्या तोंडाबद्दल बोलणं त्या गावात असभ्य समजतात. एव्हर्टने तेवढं एकदा निरखून पाहिलं.

"आजोबांवर गेली," आल्गोट घाईने म्हणाला.

"श्शुप्," एव्हर्ट म्हणाला.

सामना असा झाला की ज्याचं नाव ते. मेल्करची मान डावीकडे वळत होती, उजवीकडे वळत होती, उत्साहाच्या भरात मागेही वळत होती. तरी शेवटच्या मिनिटापर्यंत स्टोरमिर एका गोलने मागेच होता. आल्गोट घामाने निथळत होता आणि गुनवोरचा डिंक हळूहळू पातळ होत होता. घड्याळ संपत आलं, एक फटका बसला, चकती जाळीत गेली आणि बरोबरी झाली. स्टँड उसळला. जन्मात कुणाला न कवटाळलेल्या एव्हर्टने आल्गोटला करकचून मिठी मारली.

मिठी सुटली. गाल सुटले नाहीत.

"ओढू नकोस!" आल्गोट कळवळला.

"तूच ओढतोयस."

गालाला गाल, दाढीत दाढी असे दोघे चिकटले होते. एव्हर्टचं तोंड बर्फाकडे, आणि आल्गोटचं पाठीमागच्या रांगेकडे.

"माझ्या खिशात कात्री आहे," आल्गोट कुजबुजला.

"सामना संपेपर्यंत कात्री नाही."

"मग निदान वळ तरी! मी बर्फाकडे, तू मागे."

"मी असा उभा होतो तेव्हा बरोबरी झाली," एव्हर्ट म्हणाला. "आता असाच उभा राहणार."

जादा वेळेच्या आधी विश्रांती झाली. दोघे जोडीनेच प्रसाधनगृहात गेले, जोडीनेच सॉसेजच्या रांगेत उभे राहिले. विकणाऱ्या बाईने शांतपणे विचारलं, "एकत्र की वेगवेगळं?"

जादा वेळ सुरू झाली. ज्या क्षणासाठी आल्गोट सगळा जन्म थांबला होता, तो त्याच्या पाठीमागे चालला होता. निदान समोरच्यांचे चेहरे वाचावेत म्हटलं, तर मागच्या रांगेत चेहरे होते कुठे? नुसते केस होते. त्याचा जीव टांगणीला लागला.

"एव्हर्ट, काय चाललंय? चकती कुणाकडे आहे?"

"तिकडे."

"तिकडे कुठे, अरे! आपण पुढे जातोय का?"

"श्शुप्!"

"हे 'हो' होतं, की घाबरून श्वास घेतलास?"

एव्हर्टने मान पुढे काढली, तशी आल्गोटचीही ओढली गेली.

"एव्हर्ट, माझ्या बापा, मी तुझ्या पाया पडेन, पण खाली वाकता येत नाही! नीट सांग. गोल होतोय का?"

"श्शुप्!"

"कुणाचा? आपला की त्यांचा?"

"श्शुप्! श्शुप्!"

मग एक भयंकर आरोळी उठली. मागच्या रांगेतल्या सगळ्या केसांची तोंडं उघडली. कुणी रडत होतं, कुणी ओरडत होतं, आणि आनंदाने रडतंय की दुःखाने, ते दाढीवरून कळेना. आल्गोट एव्हर्टच्या कानात जिवाच्या आकांताने किंचाळला, "कुणाचा?"

एव्हर्टच्या डोळ्यांतलं पाणी आल्गोटच्या गालावर उतरलं. "आपला," तो म्हणाला. "आपला रे. सोनं."

आल्गोटला हुंदका आवरेना. तो मागच्या रांगेकडे बघून ढसाढसा रडला. मागची रांगही त्याच्याकडे बघून रडली.

"हेल्मेटं आली का?"

"सोनेरी आहेत. घालतायत." एव्हर्ट आज पहिल्यांदाच न विचारता बोलत होता. "मेल्कर मास्क काढतोय."

आणि एकाएकी सगळा स्टँड चिडीचूप झाला. काय दिसलं असेल, ते आल्गोटला न बघताही कळलं. त्याने डोळे मिटून घेतले. एव्हर्टने चिकटलेल्या दाढीचे दोन-चार तांबूस केस बोटात धरून उजेडात पाहिले. खालच्या मेल्करकडे पाहिलं. पुन्हा केसांकडे पाहिलं.

"आल्गोट," तो अगदी हळू म्हणाला, "सामना संपला. काढ कात्री."

आल्गोटने कात्री काढली. "कुठून कापू?"

एव्हर्टने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "तुझ्या बाजूने. गोलरक्षकाची दाढी ती. माझ्याकडे जास्त राहू दे."

कात्री चालली, गाल सुटले, आणि आल्गोट गर्रकन बर्फाकडे वळला. खेळाडू आत गेले होते. चषक आत गेला होता. रिकाम्या बर्फावर बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र तेवढं संथपणे चकरा मारत होतं. आल्गोटने डोळे पुसले, खुर्चीवर चढला आणि त्या यंत्रासाठी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.