उसवलेल्या चौदा रांगांची बखर

सुईस नमन, दोऱ्यास नमन, आणि अंगावर झिजून झिजून मऊ जाहलेल्या तमाम कापडास दंडवत घालोन ही हकीकत लिहिली असे. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरी, कार्तिकमासी जियेस आरंभ जाहला आणि पुढील साली आश्विनात जी शेवटास गेली, ती कोणी पुसेल तर सांगावी म्हणोन पाहिले व ऐकिले तैसे लिहितो, पदरचे घालीत नाही. लिहिणारास या दरबारी मान नाही व आसनही नाही.

एक राज्य होते, त्यास वस्त्रकलेचे राज्य म्हणत. चार मजली इमारत हाच किल्ला, माग आणि रंगाच्या कढया हीच युद्धसामग्री, आणि राज्य चालवीत विभागप्रमुख नलिनीबाई केसकर. बाई शिस्तीच्या बहुत कडक, परंतु अन्यायी नव्हत्या. त्यांचे राज्यी ऐसा शिरस्ता होता की, शेवटल्या वर्षाच्या प्रत्येकाने एक थोर काम सिद्ध करावे आणि चैत्रात परराज्यातून येणारे परीक्षकांपुढे रुजू करावे, आणि त्यास कायदा एकच, की जे रुजू कराल ते आरंभापासोन अखेरपावेतो निजहाताचे असावे. त्यात दुसऱ्याचा टाका आढळला तर काम बाद आणि वर्ष बुडाले. कायदा वाईट नव्हता. मागे कोणी कोणी दुसऱ्यांकडोन कामे करवून आपली म्हणोन मिरविली होती, त्यांचे पायी तो करावा लागला.

त्या राज्यी अनुजाबाई थोरवत या नावाच्या विद्यार्थिनी होत्या. खेड्यातल्या, बोलणे थोडे, पण हट्टास पेटल्या की मागे न फिरणाऱ्या. त्यांनी मनसुबा केला की आपण नव्या चालीची वाकळ शिवावी. वाकळ म्हणजे जुन्या कापडांची गोधडी, ती थंडीत अंगावर घ्यावी हे सर्वांस ठाऊक. नव्या चालीची वाकळ मात्र भिंतीवर टांगतात, खाली नाव लिहितात आणि हात लावू नये अशी पाटी लावितात. ऐसे का, ते आम्हांस कळले नाही, पण राज्याची रीत ती रीत. मग अनुजाबाईंनी गावच्या शाळेतले टाकून दिलेले गणवेश गोळा केले, खाकी चड्ड्या, निळे स्कर्ट, कोपरावर विरलेले आणि शाईचे डाग पडलेले पांढरे सदरे, आणि ते उभे फाडोन लहानमोठ्या पट्ट्या केल्या आणि प्रार्थनेस पोरे उभी राहतात तैशा वेड्यावाकड्या उंचीने जोडिल्या, आणि मध्ये एकच तांबडी पट्टी घातली. फूल नाही, वेल नाही. केसकरबाईंनी कच्चे काम पाहिले आणि मान हलविली, आणि त्या राज्यी बाईंनी मान हलविणे म्हणजे तोफांची सलामी होय.

पुढे दिवाळीची सुट्टी लागली, आणि अनुजाबाई वाकळीचे गाठोडे घेऊन गावी दाखल जाहल्या. तेथे घरात त्यांच्या वडिलांची थोरली बहीण, बायजा आत्यासाहेब, राहत. तरुणपणी कपाळ पुसले गेले, माहेरी परत आल्या, आणि तेव्हापासोन चाळीस वर्षे गावच्या वाकळी शिवीत होत्या. त्या डावखुऱ्या. सारा मुलूख उजवीकडून डावीकडे धावदोरा घालितो, आत्यासाहेब डावीकडून उजवीकडे घालीत, आणि टाका तांदळाच्या दाण्याएवढा, एकही लहानमोठा नाही. खडूची रेघ कधी आखिली नाही, दोन बोटे मोजून पुढली रांग धरीत. अनुजाबाईंनी सुई प्रथम धरली ती त्यांच्याच पायाशी बसोन. परंतु आत्यासाहेबांचे डोळ्यांत काचबिंदू उतरला होता, आणि तालुक्याचे डॉक्टरांनी साफ सांगितले होते की गेलेली नजर येत नाही व असलेली राहत नाही. अनुजाबाई अंगणात वाकळ पसरोन बसल्या, तो आत्यासाहेब जवळ येऊन बसल्या, बहुत वेळ कापडावरून हात फिरविला, आणि मग म्हणाल्या, "अनू, मला यातली एक कड दे. डॉक्टर म्हनला चैतापतुर दिसंल. तवर एवढी एक शिवती, मग सुई ठिवली."

अनुजाबाईंस कायदा ठाऊक होता. तो सांगावा म्हणोन त्यांनी तोंड उघडिले, आणि आत्यासाहेबांचा चेहरा पाहिला, आणि मिटले. डावी कड पुढे करोन दिली आणि आपण उजवे अंगाने शिवू लागल्या. सुट्टी सरली तरी वाकळ गावीच ठेविली, दर शनिवारी येत आणि रविवारी जात. आत्यासाहेब रोज सकाळी उन्हे ओट्यावर आली म्हणजे बसत, आणि उन्हे हलली म्हणजे आपणही हलत, आणि पुढे पुढे डोळ्यांपाशी कापड इतके नेऊ लागल्या की सुई भुवईस लागे. पौष सरतेवेळी चौदा रांगा जाहल्या. पंधरावी धरिली, दोरा दिसेना, मग सुई डबीत घातली आणि डबीचे झाकण स्वहस्ते लाविले. रडल्या नाहीत. घरातल्या माणसांनीच तोंडे फिरविली.

मग माघमासी केसकरबाईंनी सर्वांच्या कामांची पाहणी केली. बाईंची नजर घारीची. वाकळीपुढे उभ्या राहिल्या, वाकल्या, बोट ठेविले आणि पुसिले की या डाव्या कडेच्या चौदा रांगा कोणाच्या, या हाताचा टाका उलटा पडतो आणि तुझ्यापेक्षा दसपट सरळ आहे. अनुजाबाईंनी खरे ते सांगितले. बाई म्हणाल्या की, मला वाईट वाटते, परंतु एकीस सूट दिली तर उद्या सर्वांस द्यावी लागेल, चैत्रापूर्वी या रांगा काढ आणि आपले हाताने घाल, नाही तर काम घेता येणार नाही. अनुजाबाईंनी अर्जी केली की आत्यांचे नाव शेजारी लिहू द्यावे. बाईंनी सांगितले की दोन नावांचे काम परीक्षेस चालत नाही. मसलत तेथेच संपली.

पुढील प्रसंग लिहिताना लेखणी अडते. फाल्गुनात एके दिवशी दुपारी वसतिगृहातल्या मुली जेवावयास गेल्या असता, अनुजाबाईंनी दार लोटिले आणि बारीक कातर घेतली आणि चौदाही रांगा उसवल्या. घालावयास आत्यासाहेबांस अडीच महिने लागले, काढावयास जेवणाची सुट्टी पुरली. चुकी ही जाहली की, दोरा गेला म्हणजे टाका गेला ऐसे त्या समजल्या. परंतु वाकळीस सुई जाडी आणि दोरा ताणोन ओढिलेला असतो, पाच पाच थर दाबून बसतात. दोरा निघाला, आणि भोके राहिली, आणि रांगेरांगेची दबलेली पन्हळ तशीच राहिली, आणि कापडावर चौदा रांगा पहिल्याहून अधिक स्पष्ट दिसू लागल्या. धुतले, पाणी शिंपून इस्त्री केली, काही जाईना. मग आपले हाताने तेथे शिवावयास बसल्या, तो सुई भोकापाशी नेली आणि मागे घेतली. तीनदा बसल्या, तीनदा उठल्या. कड रिकामीच राहिली, परंतु दुसऱ्याचा टाका उरला नव्हता म्हणोन बाईंनी अडविले नाही, आणि वाकळ तशीच चैत्रात रुजू जाहली.

शके एकोणीसशे पंचेचाळीस चैत्रमासी परराज्यातून परीक्षकांची स्वारी आली. मोठे नामांकित गृहस्थ, देशोदेशी ज्यांचा शब्द चाले. चाळीस कामे पाहिली आणि कोठेही पाऊण घटका थांबले नाहीत, आणि या वाकळीपुढे आले आणि उभेच राहिले. चष्मा काढिला, पुसला, पुन्हा घातला. आणि म्हणाले की, एवढ्या वर्षांत विद्यार्थ्याचे हातून ऐसे धाडस पाहिले नाही, सारी वाकळ शिवावी आणि एका कडेस केवळ न घातलेल्या टाक्यांच्या खुणा ठेवाव्या, यात फार खोल विचार आहे, पहिला मान हिचा, आणि राजधानीतल्या थोरल्या प्रदर्शनात ही वाकळ मी स्वतः नेईन. ज्या प्रदर्शनाचे नाव घेऊन विद्यार्थी चार वर्षे अभ्यास करीत, ते ऐसे एका वाक्यात पदरी पडले. केसकरबाईंचे मुखी रंग चढला आणि उतरला, कारण त्या जाणत होत्या. आणि अनुजाबाईंनी काय केले? मान डोलाविली. ही गोष्ट झाकिली असती तर झाकून जाती, परंतु पदरचे घालीत नाही तैसे पदरात लपवीतही नाही. त्यांनी मान डोलाविली आणि उपकार मानिले.

मग परीक्षकांनी कोरे कार्ड आणि कलम पुढे केले आणि आज्ञा केली की, या रिकाम्या रांगांमागचा विचार चार ओळींत लिहा, हे वाकळीशेजारी लागेल. अनुजाबाईंनी कलम घेतले. इतर विद्यार्थी भोवती उभे होते, कोणी हेव्याने पाहत होते, कोणी कौतुकाने. आणि बराच वेळ कागदास कलम लागले नाही, आणि मग लागले, आणि चार ओळींचे ठायी दोनच लिहिल्या: "या चौदा रांगा माझी आत्या बायजाबाई थोरवत हिने नजर जाण्यापूर्वी घातल्या होत्या. त्या मी उसवल्या."

परीक्षकांनी वाचिले. मग ते मृदुपणे म्हणाले की, हे तुझे घरचे दुःख आहे, कलेस त्याची गरज नाही, कार्ड फाडोन दुसरे लिही, मान आहे तेथेच आहे. केसकरबाई खाली पाहू लागल्या. अनुजाबाईंनी कार्ड फाडिले नाही. पुन्हा पुसिले, तरी नाही. तेव्हा परीक्षक म्हणाले की, मग हा विचार तुझा नव्हे, ही केवळ घडलेली गोष्ट, आणि वहीत तिसरा वर्ग लिहून पुढे चालते जाहले. पहिला मान एका नायलॉनच्या जाळीस गेला. जाळीही वाईट नव्हती.

त्याच आठवड्यात अनुजाबाई वाकळ घेऊन गावी गेल्या. आत्यासाहेबांस एव्हाना उजेड आणि अंधार एवढाच भेद कळे. अनुजाबाई पायाशी बसल्या आणि आरंभापासोन सर्व सांगितले, मान डोलाविल्याचेही सांगितले. आत्यासाहेबांनी सारे ऐकिले आणि उठोन भिंत धरीत आत गेल्या. दोन दिवस त्या भाचीशी बोलिल्या नाहीत. तिसरे दिवशी ओट्यावर बसोन वाकळ मागविली आणि डावी कड मांडीवर घेतली आणि करंगळीजवळच्या बोटाने पन्हळ चाचपीत एका टोकापासून दुसरे टोकास गेल्या, ऐशा चौदाही रांगा चाचपल्या. मग डाव्या हातात सुई मागितली. अनुजाबाईंनी ओवून दिली. चार टाके घातले, चारही वाटेबाहेर पडले. सुई परत देऊन म्हणाल्या, "माझ्याच्यानं न्हाई व्हायचं. तू घाल. माझ्या भोकांतनंच घाल, आन् डाव्या हातानं."

मग ते काम चालले. उजव्या हाताचे माणूस डाव्या हाताने सुई धरिते तेव्हा काय गत होते ती ज्याने करोन पाहिली त्यास ठाऊक. पहिली रांग आठ दिवसांत जाहली. आत्यासाहेबांनी बोट फिरविले आणि एवढेच म्हणाल्या, "उसव." उसवली. पुन्हा घातली, पुन्हा उसव म्हणाल्या. तीन वेळा ऐसे जाहले, आणि चौथ्या वेळी बोट शेवटापर्यंत गेले आणि त्या काही बोलिल्या नाहीत, तेव्हा दुसरी रांग धरिली. ज्येष्ठ गेला, श्रावण गेला, अनुजाबाई जवळच्या गावी शाळेत चित्रकला शिकवू लागल्या होत्या, तेथून येऊन रोज संध्याकाळपूर्वी बसत. आश्विनात तेरावी रांग पुरी जाहली आणि तिच्या वेळी एकदाही उसव म्हटले गेले नाही. अनुजाबाईंनी हर्षाने चौदावी धरिली, तो आत्यासाहेबांनी त्यांचे मनगट धरिले.

"ही न्हाई घालायची," आत्यासाहेब म्हणाल्या. "तू उसवलंस त्ये बी ऱ्हाऊ दे. मला राग आला व्हता, अनू. आजून बी हाय थोडा."

अनुजाबाईंनी दोरा तोडिला. पुढे थंडीत आत्यासाहेब ती वाकळ अंगावर घेत आणि चौदावी रांग रिकामी राहिलेली ती कड छातीशी घेऊन निजत, असे घरची माणसे सांगतात.

येणेप्रमाणे वाकळीची हकीकत जाहली. राज्य अद्याप आहे, कायदा तोच आहे. तिसरा वर्ग मिळाला तो मिळाला, त्याचे अनुजाबाईंस दुःख नाही. तेरा रांगा माफ जाहल्या, चौदावी राहिली.